कॅल्शियम म्हणून घेतलेली गोळी

६ जानेवारी, सोमवार

डॉक्टर खुराना बाईंनी एक छापील कागद दिलाय. त्यावर चौकटी आहेत: तारीख, वेळ, जोर एक ते तीन. वाफ आली की आकडा टाकायचा, बास. माझं बोलणं चौकटीत मावत नाही हे त्या बिचारीला काय माहीत! म्हणून ही वही. कागद त्यांच्यासाठी, वही माझ्यासाठी.

आज एकूण अकरा. त्यातल्या चार अगदी जोराच्या, तीन नंबरी. बाहेर सात डिग्री, धुक्यात समोरची सोसायटी दिसत नाही, आणि मयूर विहारच्या नवव्या मजल्यावर उत्तराबाई पंखा लावून बसल्यात. सासूबाई कानटोपी घालून आल्या, वर बघून म्हणाल्या, "पंखा?" मी म्हटलं, "फरशी वाळवतेय." फरशी पुसलीच नव्हती.

वाफ कशी येते ते एकदा लिहून टाकते. आधी छातीत काहीतरी सुटतं, मग मान, कान, टाळू पेटते. तीन-चार मिनिटं घामाची आंघोळ, आणि नंतर एकदम हुडहुडी. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. मला वाटलं होतं सुटले.

घरात हे निभतं. बूथमध्ये निभत नाही. मी दुभाषी आहे, जर्मन आणि इंग्रजी. पुण्यात शिकले, लग्न होऊन दिल्लीला आले, आणि तेवीस वर्षं परिषदांच्या हॉलमागे काचेच्या बूथमध्ये बसून जर्मन माणूस बोलत असतानाच त्याचं इंग्रजी करते. अर्धा तास मी, अर्धा तास जोडीदार. जो बोलत नसतो तो दुसऱ्यासाठी पॅडवर आकडे आणि नावं लिहितो, कारण बोलता बोलता आकडे सगळ्यात आधी निसटतात. पंखा चालत नाही, माइकमध्ये आवाज जातो. कागदानं वारा घ्यावा तर तोही जातो.

बारा डिसेंबरला भर भाषणात वाफ आली आणि मी चाळीस सेकंद गप्प झाले. शब्दच सापडेना. काचेतून दिसत होतं, साठ माणसं कानातलं यंत्र काढून ठोकून बघत होती. शेवटी मयुरानं माइक स्वतःकडे घेतला. मयुरा माझी जोडीदार, चौतीस वर्षांची, हुशार आणि मायाळू. बाहेर आल्यावर म्हणाली, "होतं गं उत्तराताई कधी कधी." तेवीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

आता पाच ते सात मार्चला गुरुग्रामला रेल्वेच्या ब्रेकवर तीन दिवसांची परिषद आहे. आम्हाला कामं देणारा सुधन्वा म्हणाला, ३१ जानेवारीपर्यंत हो की नाही सांगा. हो म्हटलं आणि पुन्हा तोंड बंद पडलं तर परत कोणी बोलावणार नाही. नाही म्हटलं तर मीच सोडल्यासारखं. मला सोडायचं नाहीये. एवढं एकच काम मला जगात नीट येतं.

९ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरांकडे तासभर. खुराना बाईंना प्रश्न विचारलेले आवडतात आणि मला विचारायला आवडतात, बाहेरच्या रांगेचे हाल.

सगळ्यात गुणकारी हार्मोन. गोळी, जेल किंवा पट्टी, सोबत गर्भाशयासाठी दुसरं हार्मोन. पण अंशुमनच्या वेळी बाळंतपणानंतर माझ्या पायात रक्ताची गाठ झाली होती, सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतल्या होत्या. ते ऐकल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. "आपके लिए हार्मोन से शुरू नहीं करूंगी."

मग बिनहार्मोनचं दुकान उघडलं. एक गोळी मुळात फिट्सची, वाफांवर चालते पण गुंगी आणते. म्हटलं, मी बूथमध्ये पेंगले तर जर्मन काय करतील? दुसरी लघवीच्या तक्रारीची, तीही चालते, पण तोंड कोरडं पाडते. म्हटलं, डॉक्टर, माझी सगळी कमाई तोंडाची आहे. तिसरी ब्लड प्रेशरची, तिचा उपयोग थोडका आणि माझं प्रेशर आधीच खालच्या अंगाचं. एक अगदी नवी आहे, मेंदूत जिथे शरीराचं तापमान ठरतं तिथेच काम करते म्हणे, पण ती आपल्याकडे सहज मिळत नाही आणि तिच्यासाठी लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात. शेवटी राहिली वेनलाफॅक्सिन. ही मूळची डिप्रेशनची गोळी.

"मूड के लिए नहीं दे रही हूं," बाई म्हणाल्या. "कम डोज़ में ये गरमी पर काम करती है. आधी से ज़्यादा कम हो जाएगी, ज़ीरो नहीं होगी. पहले हफ़्ते जी मिचलाएगा. और अपने आप बंद मत करना." सर्वात कमी डोस, रोज नाश्त्यानंतर. दोन आठवड्यांनी प्रेशर दाखवायचं.

घरी नवऱ्यानं, अविनाशनं, विचारलं, "क्या बोली डॉक्टर?" सासूबाई समोरच पेपर वाचत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "कॅल्शियम कमी आहे." दोन भाषांत एका वेळी बोलणारी बाई मी, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात एक शब्द फुटेना. या घरात हे कुणी बोलतच नाही. सव्वीस वर्षांत अविनाशनं पाळीला 'ते' याच्या पुढे काही म्हटलेलं नाही. आणि सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. कोपर्निकस मार्गावर सरकारी अतिथीगृहाच्या काउंटरवर बसून त्यांनी भल्याभल्या अधिकाऱ्यांना गार केलं होतं. त्यांच्यासमोर मी 'माझ्या अंगातून वाफा येतात' म्हणू? छे.

१२ जानेवारी, रविवार

मळमळ. इडलीसुद्धा नको वाटते. आकडा दहा.

रविवारी अविनाश सासूबाईंच्या आठवड्याच्या गोळ्या सात खणांच्या डबीत भरतो. इंजिनिअर माणूस, चुकत नाही. आज मी आंघोळीला असताना बाहेरून म्हणाला, "तुझं कॅल्शियम पण भरून टाकतो, कुठे आहे?" मी आतून ओरडले, "नको नको, पर्समध्ये आहे, राहू दे!" बाहेर आले तर पर्स टेबलावर आणि हा सोफ्यावर फोनमध्ये डोकं घालून. चहाला तीनदा हाक मारली. मॅच असणार कुठलीतरी. डबीत माझी गोळी भरलेली नव्हती, वाचले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अविनाशनं तिळगूळ हातावर ठेवला आणि हात सोडेचना. म्हणाला, "उत्तरा, तू बोलत जा यार. काहीही असलं तरी बोलत जा." मी म्हटलं, "अरे, मला बोलायचे पैसे मिळतात." तो हसला नाही. मळमळ कमी. आकडा आठ.

१७ जानेवारी, शुक्रवार

वैताग! बाल्कनीच्या दाराला कुलूप. माझी एकुलती एक थंड जागा. वाफ आली की मी तिथे जाऊन कठड्यावर ओणवी होते, गार हवा तोंडावर घेते, दोन मिनिटांत माणसात येते. आज सकाळी गेले तर दाराला हे भलं मोठं पितळी कुलूप. अविनाश म्हणतो, कबुतरांनी वैताग आणलाय. कबुतरांना कुलूप? किल्ली दे म्हटलं तर म्हणे ऑफिसात राहिली. मी बेसिनच्या नळाखाली मनगटं धरून उभी राहिले.

तेवढं सोडलं तर माणूस बाकी सुधारलाय. रोज सकाळी पार्कात फिरायला चल म्हणतो, स्वेटर हातात देतो, आणि परत येताना विचारतो, "एक ते दहामध्ये आज कसं वाटतंय?" इंजिनिअर!

२१ जानेवारी, मंगळवार

आकडा सहा. सहा! तीन नंबरी एकही नाही.

घरात गोडीगुलाबी चाललीय. सासूबाई रोज चार वाजता मला मटार सोलायला बसवतात. फ्रीजर भरला, तरी दुसऱ्या दिवशी आणखी दोन किलो. "हात गुंतलेले असले की बरं असतं," म्हणतात. काल सोलता सोलता म्हणाल्या, "मी तुला कधी फार बोलले असेन तर मनात ठेवू नकोस." मी टोपल्यात डोकं घातलं. सव्वीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं, आणि मला रडताना बघून त्याही घाबरल्यासारख्या झाल्या.

अंशुमनचा हैदराबादहून रोज फोन. आधी पंधरवड्यातून एकदा यायचा, तोही पासवर्ड विचारायला. आज म्हणतो, "आई, तू खूश आहेस ना? बिल्कुल सच बता." मी म्हटलं खूश आहे. "पक्का?" पक्का. मग म्हणाला मी या शनिवारी येतोय, असंच. असंच म्हणून विमानानं येणारा मुलगा मी जन्माला घातलाय हे आजच कळलं.

मला यातलं गणित कळलंय. वाफा कमी, म्हणून माझी चिडचिड कमी, म्हणून सगळे गोड. डॉक्टरांना सांगितलं पाहिजे की तुमच्या गोळीचा गुण घरातल्या बाकीच्यांना जास्त आलाय.

२३ जानेवारी, गुरुवार

प्रेशर ठीक. बाईंनी माझा कागद वाचला, दोनदा मान हलवली आणि डोस वाढवला. चांगली झोप लागते का विचारलं. लागते. किती दिवसांनी हे लिहितेय.

२६ जानेवारी, रविवार

अंशुमन येऊन गेला. येताना माझ्यासाठी ध्यानाचं ॲप, एक तुळशीचं रोप आणि रंगवायचं पुस्तक आणलं. मोठ्या माणसांचं रंगवायचं पुस्तक. मी विचारलं, हे कशाला? "रिलॅक्सिंग असतं म्हणे." आम्ही तिघांनी मिळून एक मोर रंगवला. त्याचं मराठी ऐकून जीव खाली-वर होतो. पिसाऱ्याला 'मोराचे पंख, वो पीछे वाले' म्हणाला. पण शेजारी बसला, खांद्यावर डोकं ठेवलं. जाताना दारात मला इतका वेळ मिठी मारली की लिफ्ट दोनदा येऊन गेली.

२८ जानेवारी, मंगळवार

सराव सुरू केलाय. स्टोअररूममध्ये दार लावून बसते, गाद्या आणि बॅगांमध्ये, कानात जर्मन भाषणं लावते आणि मोठ्यानं इंग्रजी करते. बूथसारखीच गुदमर, म्हणून मुद्दाम तिथे. आज एका दिवाळखोर कारखान्याच्या अध्यक्षाचं भाषण होतं. आम्ही नेहमी 'मी' म्हणूनच बोलतो, वक्ता जे बोलेल ते. मी रंगात येऊन सांगत होते की मी थकलो आहे, मी सगळे मार्ग करून पाहिले, आता हे संपवण्याचा निर्णय मी घेतला आहे. एवढ्यात दार धाडकन उघडलं. अविनाश. चेहरा पांढराफटक. मी कानातलं काढून म्हटलं, "काय झालं?" तर म्हणतो, "चहा." त्याच्या हातात चहा नव्हता.

सलग पंचावन्न मिनिटं बोलले. मध्ये एक वाफ आली, एक नंबरी. वाक्य सुटलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

सुधन्वाला कळवलं: हो. पाच, सहा, सात मार्च. पाठवल्यावर इतकं बरं वाटलं की शिरा केला. घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "झेपेल ना?" अविनाशनं ताटली बाजूला सारली. शिऱ्याला नाही म्हणाला. असं कधी होत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आकडा चार. हळदीकुंकू पार पडलं. रेशमी साडीत, बारा बायका, गॅसवर मसाला दूध, आणि मी कोरडी. एकदा कानशिलं तापली तेवढीच. बायका गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "ते तुझं कॅल्शियम अजून चालू आहे?" चालू आहे म्हटलं. "बराच फरक आहे," म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

बाल्कनीची किल्ली आता 'हरवली' आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

परिषदेची कागदपत्रं आली नव्हती. शब्दांची यादी करायला वेळ लागतो, म्हणून मयुराला फोन केला. ती आधी चाचरली, मग म्हणाली, "उत्तराताई, तुला माहीत नाही? तुझ्या जागी मुंबईहून इंद्रजित येतोय. अविनाशदादांनीच सुधन्वाला फोन केला होता. तुझी तब्येत बरी नाही, ताण नको, आणि तिला सांगू नका म्हणाले."

मला वाफ आली नाही. उलट हातपाय गार पडले. अविनाश ऑफिसातून येईपर्यंत मी जेवणाच्या टेबलाशी बसून होते. तो बूट काढत असतानाच विचारलं, "माझं काम कुणाला विचारून घालवलंस?"

त्यानं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. खुर्चीत बसला. "उत्तरा, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"गोळी. कॅल्शियम नाहीये ती. त्या रविवारी पर्समध्ये नाव बघितलं, फोनवर वाचलं सगळं. तू एकटी सहन करत होतीस, आम्हाला सांगत नव्हतीस. मी अंशुमनला सांगितलं, आईला सांगितलं. जबरदस्ती विचारायचं नाही असं सगळीकडे लिहिलं होतं, म्हणून वाट बघत होतो. आणि तू त्या स्टोअरमध्ये बसून..." त्यानं बाल्कनीच्या दाराकडे बोट केलं. "बाल्कनीला कुलूप का लावलं असं वाटलं तुला? रोज सकाळी तू त्या कठड्यावरून वाकायचीस. नववा मजला आहे, यार."

मला आधी हसू आलं. खरंच, खो-खो. कबुतरं, मटार, रंगवलेला मोर, सगळं एकदम समोर आलं. मग त्याच्याकडे बघितलं आणि हसू गेलं. माझा नवरा पाच आठवडे या भीतीनं माझ्या शेजारी झोपत होता आणि मी वहीत लिहीत होते की गोळीचा गुण. किती मूर्ख बाई आहे मी.

मी त्याचा हात धरून सगळं सांगितलं. पाळी जाणं, वाफा, अकरा वेळा, चाळीस सेकंद, रक्ताची गाठ, हार्मोन का नाही, ही गोळी कशासाठी. मोठ्यानं, मराठीत, सासूबाईंच्या देखत. त्या दारात उभ्या होत्या. अविनाशनं दोनदा विचारलं, "म्हणजे डिप्रेशन नाही? पक्का?" पक्का. त्यानं तोंड हातात झाकलं आणि रडला. मग उठला, खिशातल्या पाकिटातून किल्ली काढली आणि बाल्कनी उघडून आला.

रागही आहेच. हे लिहिताना तो परत वर येतोय. काळजी खरी, पण काम माझं होतं, आणि मला न विचारता ते परस्पर देऊन टाकलं. हेही त्याला सांगितलं. तो म्हणाला, "गलती झाली." मी म्हटलं, माझीही झाली, मी खोटं बोलले.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मग ती गोळी त्यासाठी आहे?" मी हो म्हटलं. "थांबतात?" म्हटलं कमी होतात, परिषदेत खरं कळलं असतं. त्या आत गेल्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सुधन्वाला फोन. तो अडतीस वर्षांचा, माझ्याशी अदबीनं बोलतो. मी म्हटलं, "सुधन्वा, माझी तब्येत ठीक आहे. मला मेनोपॉज आहे. डिसेंबरमध्ये गरम वाफ आली म्हणून मी गप्प झाले. आता औषध चालू आहे, अकराच्या तीनवर आल्यात. मला माझं काम परत हवंय."

त्यानं दोनदा 'ओके, ओके' म्हटलं. मग म्हणाला, "उत्तराताई, इंद्रजितचं तिकीट काढलंय. त्याला आता नाही कसं म्हणू?" बरोबर होतं त्याचं. थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. दिवस लांब आहेत, तीन जण बसवू. पहिला दिवस तुम्ही आणि मयुरा, इंद्रजित मागे बसेल. "अडलं तर तो आहे."

म्हणजे माझ्या पाठीमागे एक माणूस मी बंद पडायची वाट बघत बसणार. मानहानी आहे. तरी हो म्हटलं.

५ मार्च, बुधवार

गुरुग्राम. सकाळी अविनाशनं गाडीनं सोडलं, उतरताना म्हणाला, "कळव." बूथ दोघांचा, त्यात तीन खुर्च्या. इंद्रजित सभ्य मुलगा, पण अंगानं मोठा. त्याची ऊबसुद्धा जाणवत होती.

पावणेबाराला आली. माझ्या अर्ध्या तासाचं अठरावं मिनिट, वक्ता ब्रेकच्या चाचण्यांचे आकडे वाचत होता, तीन ओळींत नऊ आकडे. छाती, मान, कान. दोन नंबरी. मी एक क्षण माइक बंद करायचं बटण दाबून श्वास सोडला आणि पुन्हा सुरू झाले. घाम भुवईवरून पापणीत उतरला. मयुरा पॅडवर आकडे लिहीत होती, मी तिच्या पेनच्या टोकाकडे बघत बोलत होते. मागून इंद्रजितचा हात माइककडे आलेला दिसला. मी डावा हात वर केला: थांब. हात वरच ठेवून ते वाक्य संपवलं, आणि पुढचं, आणि त्याच्या पुढचं. मग हात खाली घेतला. काचेपलीकडे कोणीही कानातलं यंत्र काढलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत इंद्रजित म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला बरं वाटत नाहीये." मी म्हटलं, "हॉट फ्लॅश होता. चार मिनिटांचा असतो." तो लाजला, मयुरानं टाळी दिली. दुपारपासून त्याला मागे बसवणं बरं दिसेना, म्हणून तिघांनी पाळ्या वाटून घेतल्या.

७ मार्च, शुक्रवार

संपलं. तीन दिवसांत पाच वाफा, एकही वाक्य सांडलं नाही. सुधन्वानं निघताना सप्टेंबरच्या तारखा विचारल्या. टिपून घेतल्या. इतकी खूश आहे की मेट्रोत एकटीच हसत होते, शेजारची मुलगी सरकून बसली.

घरी आले तर सासूबाई जाग्याच होत्या, रोज या वेळी त्या पडलेल्या असतात. मी पाणी पीत असताना शेजारी येऊन बसल्या. "झालं तिन्ही दिवस?" झालं म्हटलं. "आली होती?" आली होती, पाच वेळा. "आणि काम अडलं नाही?" नाही अडलं, आई.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी नोकरी निवृत्तीच्या सात वर्षं आधी सोडली ना, ती गुडघ्यांमुळे नाही. काउंटरवर माणसं समोर उभी असायची आणि माझं तोंड पेटायचं. पावत्या भिजायच्या घामानं. एकदा एका साहेबानं विचारलं, बाई, पिऊन आलात का? दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. यांना गुडघे सांगितले."

मी हातातला ग्लास खाली ठेवला.

"तुझे हे तीन दिवस बघायचे होते मला," त्या म्हणाल्या. "गोळी लागू पडते का ते. उत्तरा, मला अजून येतात."

सत्तावीस वर्षं. मी त्यांचा हात हातात घेतला, तो घामानं ओला होता. म्हटलं, या वयात कशानं येतात ते डॉक्टर आधी तपासतील, थायरॉइड, प्रेशरच्या गोळ्या, सगळं. माझीच गोळी तुम्हाला चालेल असं नाही, पण काहीतरी निघेल. त्या म्हणाल्या, "निघो न निघो. विचारायचं तरी."

तेवढ्यात अविनाश आतून आला. मी म्हटलं, मंगळवारी गाडी काढ, आम्हाला दोघींना खुराना बाईंकडे जायचंय. त्यानं घाबरून आईकडे बघितलं. "आई? तुला काय झालं?"

मी तोंड उघडणार होते. दुसऱ्याचं बोलणं बोलून दाखवायची मला सवय आहे. पण सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं, मुलाकडे सरळ बघितलं आणि स्वतःच सांगायला सुरुवात केली.